कुत्र्याच्या अंगाला वास येतोय? आंघोळीआधी तो कुठून येतोय ते शोधा

डॉक्टरांनी भुरीला टेबलावर घेतलं आणि आधी तिच्या कानाशी नाक नेलं. मग तोंडाशी, मग पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये, मग काखेत, शेवटी शेपटीखाली. थर्मामीटर, स्टेथोस्कोप सगळं त्यानंतर.

"आंघोळ कधी घातली?"

"कालच. पावसाळा लागल्यापासून आठवड्यातून दोनदा घालते."

"वास कानांतून येतोय," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही कानांतून. आणि आंघोळीचं पाणी तिथंच साठतंय."

दीड महिना मी तिला घासून आंघोळ घालत होते. वास अंगाचा आहे, अंग धुतलं की जाईल, एवढाच माझा हिशेब. त्या दीड महिन्यात तिचे कान ठणकत होते, ती सारखी डोकं झटकायची, आणि मला वाटायचं केस ओले आहेत म्हणून झटकतेय. हे मला अजून सलतं. म्हणूनच जे तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आता ठाऊक आहे, ते नीट लिहून काढतेय.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. दर पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय निघतो: लिफ्टमध्ये कुत्र्यांचा वास मारतो. मग कुणी म्हणतं कुत्र्यांना जिन्याने न्या, कुणी नियम काढून दाखवतं. नियम कुत्रा पाळणाऱ्यांच्या बाजूने आहे. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. पण नियम दाखवून वास जात नाही. बंद लिफ्टमध्ये शेजाऱ्याला त्रास होतो हे खरंच आहे, आणि माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की तो वास पुष्कळदा कुत्र्याच्या दुखण्याचा असतो.

मराठीत वासांना नावं भरपूर आहेत. कुबट, खवट, आंबूस, वशाट, कुजका, उग्र. आपल्या आज्या डब्याचं झाकण उघडून नुसत्या वासावरून सांगायच्या, शेंगदाणे खवट झालेत की पीठ कुबटलंय. कुत्र्याच्या बाबतीतही तेवढंच नेमकं नाव घेतलं, आणि वास कुठल्या जागेवरून येतो ते पाहिलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं.

मुळात वास कशाचा असतो?

आपल्याला घाम अंगभर येतो. कुत्र्याला तसा पाणीदार घाम येतो तो पंजाखालच्या मऊ गाद्यांना. मे महिन्यात फरशीवर ओले ठसे उमटतात ते त्याचेच. बाकी अंगावर केसांच्या मुळाशी ग्रंथी असतात. त्यातल्या काही तेल सोडतात, काही दाटसर स्राव. हे तेल कुत्र्याला हवंच असतं. त्याने केसांना चमक राहते, पाणी लगेच आत शिरत नाही, कातडी फुटत नाही.

ताज्या तेलाला फारसा वास नसतो. पण कातडीवर कायम वस्तीला असलेले जंतू आणि बुरशी या तेलावर जगतात. ते तेल फोडतात, त्यातून हवेत उडणारी रसायनं तयार होतात आणि आपल्या नाकाला कळतो तो वास त्यांचा. ताजं शेंगदाणा तेल आणि उघड्या वाटीत महिनाभर राहिलेलं तेल यात जो फरक, तोच इथे.

म्हणजे निरोगी कुत्र्यालाही स्वतःचा थोडा वास असतोच. त्याच्या मानेत तोंड खुपसलं की येतो तो. पंजांना भाजलेल्या मक्यासारखा, लाह्यांसारखा वास येतो, तोही तिथल्या घामावर वाढणाऱ्या जंतूंचा. तेवढ्याने काही बिघडत नाही. कुत्र्यांच्या जगात वास म्हणजे ओळखपत्र. छान सुगंधी शाम्पूने न्हाऊ घातलेला कुत्रा बाहेर पडताच मातीत लोळतो, बहुधा तुम्हाला आवडलेला तो वास त्याच्या दृष्टीने त्याचा नसतो म्हणून. काळजी करायची ती वास बदलला, वाढला, किंवा एकाच जागेवरून येऊ लागला तर.

भिजल्यावर कुबट वास का येतो?

कुकरची शिट्टी झाली की वरणाचा वास घरभर होतो. डाळ आधीपासून आत असतेच, वास बाहेर आणते ती वाफ. भिजलेल्या कुत्र्याचं असंच आहे. जंतूंनी तयार केलेली रसायनं कोरड्या केसांत चिकटून बसलेली असतात. पाणी पडलं की ती सुटतात, आणि पाणी उडून जाताना त्यांना सोबत घेऊन हवेत येतात. म्हणून फिरून आल्याआल्या, लिफ्टमध्ये, तो वास सगळ्यात जास्त येतो.

ठाण्याच्या पावसाळ्यात पुढची अडचण सुरू होते. हवाच इतकी दमट असते की काही सुकत नाही. जुलैत गॅलरीत वाळत घातलेली जीन्स आठवा. साबणाने स्वच्छ धुतलेली, तरी तिसऱ्या दिवशी कुबट. जीन्स मळलेली नसते, ती फार वेळ ओली राहिलेली असते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, पॉमेरेनियन यांना वरच्या लांब केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो. वरून हात फिरवला तर कुत्रा कोरडा लागतो आणि आत कातडीशी तासन्‌तास ओल टिकते. ऊब, ओल आणि तेल, तिन्ही एकत्र.

म्हणून पावसाळ्यात आंघोळीपेक्षा सुकवणं महत्त्वाचं. आमच्याकडे यासाठी तीन पंचे ठेवलेत, साधे, सुती, पातळ. जाड टर्किश टॉवेल पाणी बरंच ओढतो, पण तोच दोन दिवस सुकत नाही आणि पुढच्या वेळी आपला कुबट वास कुत्र्याला देतो. पंचा संध्याकाळपर्यंत पंख्याखाली सुकतो. घासायचं नाही, घासल्याने केसांच्या गाठी होतात. दाबून पाणी टिपायचं. एक पंचा पाठीला, दुसरा पोटाला आणि काखेला, तिसरा फक्त पायांना आणि बोटांच्या मधल्या जागेला. मग पंखा, किंवा ड्रायर असेल तर गार हवेवर, कुत्र्यापासून हातभर लांब. शेवटी पाठीवर, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी केस बोटांनी फाकून कातडीला बोट लावून पाहायचं. तिथं गार लागलं तर ओल आहे. हे सगळं करायला वीस मिनिटं जातात, आणि मला विचाराल तर महागड्या शाम्पूपेक्षा ही वीस मिनिटं जास्त कामाची आहेत.

खाडीकडे फिरवत असाल तर तिथल्या काळ्या चिखलाचा वास वेगळा ओळखा. त्या चिखलात हवा नसते, तिथले जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणून तो सडक्या अंड्यासारखा येतो. तो कुत्र्याचा वास नव्हे, धुतला की जातो. साचलेल्या पावसाच्या पाण्याची भीती मात्र वासापेक्षा लेप्टोची जास्त. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. पाय साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा, आणि लेप्टोची लस दर वर्षी चुकवू नका. सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन म्हणतात त्या लशीत ती असते.

खवट वास: कान, घड्या आणि बुरशी

आता भुरीच्या आजाराकडे येते. डॉक्टरांनी कापसाची काडी तिच्या कानाच्या तोंडाशी फिरवली. तपकिरी, मेणासारखं काहीतरी काडीला लागून आलं. ते त्यांनी काचपट्टीवर लोळवून पसरलं, लायटरने काच किंचित शेकवली, रंगात बुडवली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. मग मला म्हणाले, "या, बघा." भुईमुगाच्या शेंगा दिसत होत्या. जांभळ्या, इवल्याशा, एक फुगवटा मोठा आणि एक लहान, अशा शेकडो शेंगा दाटीवाटीने. खवट वास त्यांचा होता.

हे यीस्ट, म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगवणारं यीस्टही असंच, फक्त जात निराळी. कुत्र्याच्या कातडीवरच्या या यीस्टचं नाव मॅलॅसेझिया. १८७४ मध्ये कातडीवरच्या अशा यीस्टचं वर्णन करणाऱ्या मॅलॅसे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव या कुळाला मिळालं. आपल्या डोक्यातल्या कोंड्यामागेही याच कुळातली भावंडं असतात. कुत्र्यावर आढळणारी जात मात्र १९२५ मध्ये पहिल्यांदा नोंदवली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या खवले सुटणाऱ्या कातडीवर. म्हणून तिच्या नावात जाड कातडीच्या प्राण्याचा उल्लेख आहे. योगायोग असा, की हा संसर्ग महिनोन्‌महिने तसाच राहिला तर कुत्र्याचीही कातडी हत्तीसारखी जाड, काळपट आणि सुरकुतलेली होते.

ही बुरशी बाहेरून येऊन चिकटत नाही. निरोगी कुत्र्याच्या कानात, ओठांच्या कडेला, बोटांमध्ये ती थोडी असतेच. विरजणाचं उदाहरण घ्या. चमचाभर विरजण तेच, दूध तेच. डिसेंबरात दही लागायला रात्र पुरत नाही आणि मे महिन्यात दुपारपर्यंत आंबतं. कुत्र्याच्या कानाला ऊब, ओल आणि तेल मिळालं की तिथला 'मे महिना' सुरू होतो. त्याच जागी बॅक्टेरियाही वाढतात, आणि मग खवट वासात आंबूसपणा मिसळतो.

कान याला सगळ्यात सोयीचे. आपल्या कानाची नळी जवळजवळ सरळ असते, कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. आत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. वर लॅब्रॅडॉर किंवा कॉकर स्पॅनियलसारखे लोंबते कान असतील तर वाराही लागत नाही. दुसरी जागा कातडीच्या घड्या: पगच्या नाकावरची घडी, बुलडॉगच्या तोंडाजवळच्या, कॉकरच्या खालच्या ओठाची, जिथे लाळ साठते. मग काखा, जांघा आणि बोटांमधली बेचकी. कुत्रा पंजे सारखा चाटत असेल आणि तिथले पांढरे केस तांबूस झाले असतील तर तिथं बोटं फाकवून वास घ्या.

कानासाठी घरी काय करायचं? डॉक्टरांनी दिलेलं कान साफ करायचं द्रावण नळीत ओतायचं, कानाच्या मुळाशी हलक्या हाताने चोळायचं, आतून पचपच असा आवाज येतो. मग कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं आणि बाहेर आलेलं कापसाने टिपायचं. काडी आत घालायची नाही, मळ आणखी खाली ढकलला जातो. कोमट तेल तर मुळीच नाही. बुरशीला तेल म्हणजे जेवण. गेल्या वर्षीचे उरलेले ड्रॉप्सही नकोत. त्या वेळी बुरशी असेल, या वेळी बॅक्टेरिया किंवा गोचीड असेल, आणि कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आत जाऊन कायमचं नुकसान करतात. आधी काचपट्टी, मग औषध.

हाच त्रास वर्षात तिसऱ्यांदा झाला तर डॉक्टरांना वेगळा प्रश्न विचारा: बुरशी वाढायला जागा कोण करून देतंय? पुष्कळदा उत्तर अ‍ॅलर्जी असतं. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, पिसवा, किंवा खाण्यातला एखादा पदार्थ. मध्यमवयीन कुत्र्याचं वजन विनाकारण वाढतंय, अंग तेलकट झालंय, केस विरळ होताहेत, तर थायरॉइडची तपासणी करावी लागते. मूळ कारण तसंच ठेवून नुसती बुरशी मारत बसलं की दर पावसाळ्यात तोच फेरा.

वशाट वास: शेपटीखालच्या दोन पिशव्या

कुत्रा सोफ्यावर शांत झोपलाय आणि एकदम मासळीबाजारासारखा वशाट भपका येतो. असं झालं तर शोधाशोध शेपटीखाली करा. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. त्यातला स्राव शी करताना थोडा थोडा बाहेर पडतो. ही कुत्र्याची सही. शी नेहमी पातळ होत असेल, कुत्रा जाड असेल किंवा अ‍ॅलर्जी असेल तर पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत. मग तो ढुंगण जमिनीवर घासत चालतो. आपण म्हणतो जंत झाले, आणि जंताची गोळी देऊन मोकळे होतो. जंत असूही शकतात, पण आधी पिशव्या बघायला सांगा.

काही ग्रूमर दर वेळी आंघोळीबरोबर या पिशव्या पिळून देतात. त्रास नसेल तर नको म्हणा. उगाच पिळल्याने त्या सुजतात. एका बाजूला लाल, दुखरी गाठ आली तर तिथे पू झालाय, त्याच दिवशी डॉक्टर.

कुजका वास: तोंड आणि जखम

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आपण धरूनच चाललेलो असतो. खरं तर निरोगी तोंडाला कुजका वास येत नाही. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, काही दिवसांत तो कडक होऊन पिवळं किटण होतं, ते हिरडीखाली सरकतं आणि तिथे सडायला सुरुवात होते. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांना थोडाफार हिरड्यांचा आजार असतो, शित्झू आणि पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत जास्त. दुखलं तरी कुत्रा खाणं सोडत नाही, एका बाजूने चावतो, सांडतो, आणि आपल्या लक्षात येत नाही.

ब्रश रोज करायचा. सुरुवात बोटाला गॉज गुंडाळून, चिकनच्या पाण्यात बुडवून करता येते. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. आपल्या टूथपेस्टमधलं फ्लोराइड तो गिळतो, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, जे कुत्र्याला विष आहे. एकदा किटण चढलं की ब्रशने जात नाही, भूल देऊन साफ करावं लागतं.

दुसरा कुजका वास पावसाळ्यातला, आणि तो मला सगळ्यात जास्त घाबरवतो. गुंतलेल्या केसांखाली एखादी लहानशी जखम असते, माशी तिथे अंडी घालते, आणि एक-दोन दिवसांत अळ्या जिवंत मांस खाऊ लागतात. वरून काहीच दिसत नाही, वास मात्र येतो. केसांखाली हात फिरवताना चिकट, ओलसर भोक लागलं तर घरी काही ओतत बसू नका. फिनेल नको, पेट्रोल नको. थेट दवाखाना गाठा. बाहेरचा, बेवारस कुत्रा असेल तर प्राणिसंस्थांच्या रुग्णवाहिका आहेत, परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. १८८० च्या दशकापासून ते या मुंबईतल्या जनावरांसाठी उघडं आहे.

वाट न बघण्याचे वास

तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास, सोबत खूप तहान, खूप लघवी: मधुमेह हाताबाहेर गेलेला असू शकतो. तोंडाला मुतासारखा वास: मूत्रपिंडं तपासा. नसबंदीचं ऑपरेशन न केलेली मादी, माजावर येऊन काही आठवडे झालेले, आणि खालून घाण वासाचा स्राव, सुस्ती: गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव नसला तरीही हा आजार असतो आणि त्याने जीव जातो. लशी पूर्ण न झालेलं पिल्लू आणि रक्ताचे अतिशय उग्र वासाचे जुलाब: पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो. या चारांत उद्यावर काही ढकलायचं नाही.

मग रोज आंघोळ घातली तर?

नको. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. रोजच्या शाम्पूने राखण करणारं तेल धुऊन जातं, कातडी कोरडी पडते, खाजते, कुत्रा ओरबाडतो आणि त्या ओरखड्यांत जंतूंना घर मिळतं. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा आंघोळ पुरते, लांब केसांच्या कुत्र्याला थोडी लवकर.

"पण डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा सांगितलीय." बरोबर आहे, ती औषधाची आंघोळ. बुरशी वाढलेली असते तेव्हा क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू काही आठवडे असाच वापरतात. तो अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, घड्याळ लावून. लावून लगेच धुतला तर बाटली फुकट.

साध्या आंघोळीत दोन गोष्टी सांभाळा. आधी कोरड्या केसांत ब्रश, कारण ओली गाठ घट्ट होते. आणि धुताना बादलीत उतरणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवा, पोटाखाली आणि काखेत उरलेला शाम्पू पुढचे आठ दिवस खाजवतो.

आमचा शाम्पू का चालत नाही?

एखाद्या वेळी चालून जाईल. पण आपली कातडी आम्लधर्मी, पीएच साधारण ५ ते ५.५. कुत्र्याची ७ च्या आसपास. आपला शाम्पू आपल्या कातडीसाठी जुळवलेला, म्हणून नेहमीसाठी कुत्र्याचाच घ्या.

लिंबू, हळद, कडुलिंबाचं काय?

अंग अखंड असेल तर कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने बिघडत नाही, पण कानातली बुरशी त्याने जाणार नाही, आणि तेवढे दिवस उपचार लांबतात. लिंबू आणि व्हिनेगर ओरबाडलेल्या कातडीवर आग आग करतात. टी ट्री ऑइल नैसर्गिक म्हणून विकलं जातं, कुत्र्याला त्याने विषबाधा होते. कापूर, घरातलं अँटिसेप्टिक पाण्यात टाकून घातलेली आंघोळ, टाल्कम पावडर, आपला डिओ, हे सगळं बाद. कुत्रा स्वतःला चाटतो, म्हणजे अंगावर लावलेलं प्रत्येक औषध अर्धं पोटात जातं, एवढं धरून चाला.

केस पूर्ण भादरले तर?

पायांच्या तळव्यांतले, शेपटीखालचे, कानाच्या तोंडाशी असलेले केस बारीक करून घ्या, त्याने ओल कमी साठते. पण लोकरीचा थर असलेल्या हस्की किंवा गोल्डनला मशीन मारून गुळगुळीत करू नका. उन्हापासून राखणारं कवच जातं आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. रोज ब्रशने आतले सुटे केस काढले तरी वारा कातडीपर्यंत जातो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोण आंघोळ घालतं?

हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला आणि तो अगदी योग्य आहे. आपल्या देशी कुत्र्याचे केस आखूड, कान बहुधा उभे, तोंडावर घड्या नाहीत. भिजला तरी झटकून, वाऱ्यात थोड्या वेळात सुकतो. आपण बाराव्या मजल्यावर, बंद खिडक्यांत, ऊन न येणाऱ्या खोलीत लोकरवाला कुत्रा ठेवतो, तेव्हा सुकवण्याचं काम आपल्या अंगावर येतं. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना त्रास होतच नाही असंही नाही. खरूज होऊन केस गेलेली कुत्री आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. भुरीही देशीच, कान तिचे अर्धे दुमडलेले. पाणी नेमकं त्या घडीत शिरलं ते माझ्या आंघोळींनी.

मटण-मासे बंद केले तर वास जाईल?

बहुधा नाही. मांस कुत्र्याचं स्वाभाविक खाणं आहे. पोट बिघडलं की पादण्याचा वास वाढतो, आणि दुधाने पुष्कळ कुत्र्यांचं पोट बिघडतं. एखाद्या प्रथिनाची, समजा चिकनची, अ‍ॅलर्जी असेल तर कातडी बिघडते आणि त्यातून वास. ते ओळखायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे ठरावीक खाणं द्यावं लागतं. मधे कुणी बिस्किटाचा तुकडा दिला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कुत्रा स्वच्छ, तरी घराला वास

मग त्याचं अंथरूण हुंगा. फोमची गादी पावसाळ्यात सुकत नाही. त्याऐवजी दोन-तीन जुन्या चादरींच्या घड्या करा, दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि शक्य असेल तर त्याला फरशीपासून चार बोटं उंच बाज द्या. गळ्यातला पट्टा आपण वर्षानुवर्षं धूत नाही, तोही धुवा. मुताच्या डागावर अमोनिया असलेला क्लीनर नको. मुतातही अमोनियाचाच वास असतो, कुत्र्याला वाटतं जागा हीच. एन्झाइमवाला क्लीनर त्या डागातली रसायनं मोडतो.

"म्हातारा झालाय, वास येणारच"

हे वाक्य मी फार वेळा ऐकते. आमच्याच मजल्यावर तेरा वर्षांचा पांढरा पॉमेरेनियन आहे, मोती. वर्षभर त्याच्या तोंडाला इतका वास यायचा की घरचे त्याला गॅलरीत झोपवायला लागले. त्याआधी बारा वर्षं तो घरातल्या आजींच्या खाटेखाली झोपत होता. सगळे म्हणाले, वय झालं. वयाने कुत्रा हळू चालतो, त्याला स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणं जमत नाही, कधी झोपेत लघवी सुटते आणि पोटाखालचे केस ओले राहतात. ती जागा कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची, तिथले केस कापून ठेवायचे. पण कुजका वास वयाचा नसतो.

भुरीच्या कानांनंतर मी त्यांना म्हटलं, एकदा तोंड दाखवून तरी या. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, कारण या वयात भूल द्यायची तर मूत्रपिंडं आणि हृदय बघावं लागतं. मग दात साफ केले. चार दात हातानेच हलत होते, ते काढले. मुळाशी पू होता. इतके दिवस तो त्या दातांनी पोळी चावत होता.

दहा दिवसांनी मी डबा द्यायला गेले तर गॅलरीतली गादी उचललेली होती. आजी खाटेवर बसून मटार सोलत होत्या. खाटेखालून पांढरं शेपूट बाहेर आलेलं.